सगळा खटला ‘मुळे’चा: अमेरिकेत नोकरीतला भेदभाव कोर्टापर्यंत कसा न्यायचा

“ताई, मला काढलं. का काढलं ते सगळ्या टीमला माहीत आहे. केस करायची आहे.”

असा फोन आला की मी पहिला प्रश्न विचारते, तो समोरच्याला हमखास कोरडा वाटतो. तारीख कोणती? आणि दुसरा: कारण काय दिलं, ते लेखी आहे का? बॉस मीटिंगमध्ये काय बोलला, एचआरच्या बाईंनी कसं तोंड फिरवलं, हे नंतर. न्यू जर्सीत नोकरदारांच्या बाजूनं लढणाऱ्या एका छोट्या वकिली ऑफिसात मी फायली सांभाळते. वकील नाही, पण कुठल्या फायली टिकतात आणि कुठल्या गळतात, ते रोज बघते. त्यातून जमलेलं इथे ओळीनं मांडते आहे. तुमच्या प्रकरणात सल्ला मात्र तुमच्या राज्यातल्या वकिलाकडूनच घ्या.

आधी एक कटू गोष्ट. अमेरिकेत बहुतेक नोकऱ्या ‘ॲट विल’ असतात. मालक तुम्हाला चांगल्या कारणानं काढू शकतो, मूर्ख कारणानं काढू शकतो आणि कारण न देताही काढू शकतो. तुमच्यावर अन्याय झाला का, हा कोर्टापुढचा प्रश्नच नसतो. वंशामुळे झाला का, रंगामुळे झाला का, बाई असल्यामुळे झाला का, एवढंच कोर्ट विचारतं. शाळेत आपण शब्दयोगी अव्यय शिकलो होतो ना, सगळा खटला त्या ‘मुळे’भोवती फिरतो.

कुठल्या कायद्याखाली

मुख्य कायदा १९६४ चा नागरी हक्क कायदा, त्यातला सातवा भाग. इथे सगळे त्याला ‘टायटल सेव्हन’ म्हणतात. वंश, रंग, धर्म, लिंग आणि मूळ देश या पाच गोष्टींवरून नोकरीत भेदभाव करायचा नाही. किमान १५ कर्मचारी असलेल्या मालकांना तो लागू होतो. ‘लिंग’ हा शब्द व्हर्जिनियाचे खासदार हॉवर्ड स्मिथ यांनी दुरुस्ती आणून घातला. ते स्वतः या कायद्याच्या विरोधात होते. बोस्टॉक खटल्यात २०२० साली सुप्रीम कोर्टानं सांगितलं की समलिंगी किंवा ट्रान्सजेंडर म्हणून काढणं हेसुद्धा लिंगावरून काढणंच आहे.

दुसरा कायदा यादवी युद्धानंतरचा, १८६६ चा. वकील त्याला ‘नाइन्टीन एटी-वन’ या कलमाच्या आकड्यानं ओळखतात. तो फक्त वंशाबद्दल आहे, लिंग त्यात नाही. पण कर्मचारी किती याची अट नाही, आधी सरकारी तक्रारीची अट नाही, मुदत साधारण चार वर्षं, आणि भरपाईला वरची मर्यादा नाही. आपल्या लोकांना प्रश्न पडतो, ‘भारतीय’ हा वंश की देश? १९८७ साली इराकमध्ये जन्मलेल्या एका प्राध्यापकाच्या खटल्यात सुप्रीम कोर्टानं वंशाचा अर्थ पूर्वज आणि वांशिक ओळख असा व्यापक धरला. म्हणून तक्रारीत नुसतं ‘मूळ देश’ लिहून थांबू नका. वंशही लिहा, रंगही लिहा.

व्हिसा मात्र या पाचांत नाही. “ग्रीन कार्डवाले नाही म्हणून घेतलं नाही” हा टायटल सेव्हनखाली मूळ देशावरचा भेदभाव ठरत नाही, असं १९७३ च्या एस्पिनोझा खटल्यापासून ठरलेलं आहे. मात्र एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर असलात म्हणून तुमचं कायद्याचं संरक्षण कमी होत नाही.

त्यावर राज्यांचे कायदे आहेत, आणि ते बऱ्याचदा जास्त उदार असतात. न्यू जर्सीचा कायदा एका माणसाच्या दुकानालाही लागू होतो आणि थेट राज्याच्या कोर्टात जायला दोन वर्षं देतो. कॅलिफोर्नियात पाच कर्मचारी पुरे, आणि राज्याच्या विभागाकडे तक्रारीला तीन वर्षं मिळतात. जातीचा उल्लेख केंद्रीय कायद्यात नाही. सिॲटल शहरानं फेब्रुवारी २०२३ मध्ये तो आपल्या कायद्यात घातला, अमेरिकेतलं पहिलंच शहर. कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळानं मंजूर केलेलं तसं विधेयक त्याच वर्षी गव्हर्नरांनी नाकारलं.

घड्याळ कधी सुरू झालं

बहुतेक प्रकरणं इथेच मरतात, म्हणून इथे थांबते.

टायटल सेव्हनखाली थेट कोर्टात जाता येत नाही. आधी ईईओसी, म्हणजे समान रोजगार संधी आयोगाकडे तक्रार नोंदवावी लागते. मुदत १८० दिवस. ज्या राज्यात अशाच कामाची राज्याची यंत्रणा आहे, तिथे ३०० दिवस. न्यू जर्सी, न्यू यॉर्क, कॅलिफोर्निया, टेक्सास इथे ३००. जॉर्जियात खासगी नोकरीसाठी १८०. केंद्र सरकारच्या नोकरीत असाल तर गणित वेगळंच आहे, ४५ दिवसांत तुमच्या खात्याच्या समुपदेशकाला गाठावं लागतं.

आता दिवस मोजायचे कुठून? एका गृहस्थांनी आम्हाला फोन केला तेव्हा त्यांच्या हिशेबानं २७१ वा दिवस होता. आरामात होते. त्यांनी ऑफिसातल्या शेवटच्या दिवसापासून मोजलं होतं. काढल्याचं पत्र त्याआधी चार आठवडे हातात पडलेलं. १९८० च्या रिक्स खटल्यात कोर्टानं सांगितलं आहे की निर्णय कळला त्या दिवसापासून मोजायचं, तो अमलात आला त्या दिवसापासून नाही. म्हणजे त्यांचा २९९ वा दिवस चालू होता. तक्रार त्या रात्री अकरा वाजता भरली गेली. मी चहा करायचासुद्धा विसरले होते.

दुसरा सापळा एचआरचा. “एचआरची चौकशी चालू आहे, ती संपली की बघू.” कंपनीच्या आतल्या चौकशीनं किंवा युनियनच्या तक्रारीनं हे घड्याळ थांबत नाही. तिसरा सापळा, ईईओसीच्या पोर्टलवर माहिती भरली म्हणजे झालं असं वाटणं. ती फक्त विचारपूस. त्यानंतर मुलाखत होते, मसुदा तयार होतो आणि त्यावर तुम्ही सही केलीत की मग ती तक्रार.

जुन्या घटनांचं काय? बढती नाकारली, बदली केली, काढलं, अशा प्रत्येक सुट्या निर्णयाचं घड्याळ वेगळं. छळाचं वातावरण हा मात्र एकच लांबलचक प्रकार धरतात, त्यातली एक घटना मुदतीत असली की आधीच्याही मोजता येतात. पगाराची गोष्ट आणखी वेगळी. अलाबामातल्या टायर कारखान्यात लिली लेडबेटर सुपरवायझर होत्या. त्यांना महिना ३,७२७ डॉलर, तर त्याच कामावरच्या सगळ्यांत कमी पगाराच्या पुरुषाला ४,२८६. निनावी चिठ्ठीतून कळलं तेव्हा नोकरी संपत आली होती. २००७ साली सुप्रीम कोर्टानं पाच विरुद्ध चार मतांनी सांगितलं, उशीर झाला. जानेवारी २००९ मध्ये संसदेनं कायदाच बदलला. आता कमी पगाराचा प्रत्येक चेक मुदत नव्यानं सुरू करतो. पण मागचा पगार तक्रारीआधीच्या दोन वर्षांपुरताच मिळतो.

कागद गोळा करताना

वही करा. तारीख, वेळ, कोण हजर होतं, नेमके शब्द काय. “माझा अपमान केला” असं नाही, जे बोलला ते त्याच भाषेत, शिवीसकट. इंग्रजीत बोलला असेल तर इंग्रजीत. त्याच दिवशी लिहिलेली ओळ दोन वर्षांनी लिहिलेल्या पानापेक्षा वजनदार असते.

कामाच्या मूल्यमापनाचे अहवाल, बोनसची पत्रं, पीआयपी (कामगिरी सुधारा, असं बजावणारा लेखी कार्यक्रम), काढल्याचं पत्र, कर्मचारी पुस्तिका, हे जे तुम्हाला रीतसर मिळालं ते जपा. पण काढणार असा वास लागला म्हणून रात्री बसून कंपनीच्या फायली स्वतःच्या मेलवर पाठवू नका. १९९५ च्या मॅकेनन खटल्यातल्या बाईंनी अशाच गोपनीय कागदांच्या प्रती काढल्या होत्या. कोर्टानं दावा जिवंत ठेवला, पण काढून टाकण्याजोगी चूक कंपनीला जेव्हा सापडली, तिथपर्यंतच मागचा पगार मोजायचा असं ठरवलं. कागद कंपनीकडे आहेत एवढं आठवणीत ठेवा, पुढे कोर्टामार्फत मागता येतात.

फोनवर रेकॉर्डिंग? न्यू जर्सी, न्यू यॉर्कमध्ये संभाषणातल्या एकाची संमती पुरते, म्हणजे तुमची स्वतःची. कॅलिफोर्नियात सगळ्यांची लागते, नाहीतर गुन्हा. भाच्यानं सांगितलं म्हणून करू नका.

आतली तक्रार लेखी करा, आणि त्यात कारण लिहा. “मॅनेजर मला त्रास देतो” या मेलला कायद्यात फारसा अर्थ नाही. “मी स्त्री आहे म्हणून मला क्लायंटच्या मीटिंगमधून वगळलं जातं” याला आहे, कारण अशी तक्रार केल्याबद्दल सूड उगवला तर तो स्वतंत्र दावा होतो. खरं सांगायचं तर मूळ भेदभावाचा दावा पडतो आणि सुडाचा टिकतो, असं मी बरेचदा पाहिलं आहे. मेम्फिसच्या रेल्वेयार्डात फोर्कलिफ्ट चालवणाऱ्या शीला व्हाइट यांनी छळाची तक्रार केली. त्यांना रुळावरच्या अंगमेहनतीच्या कामाला लावलं, मग ३७ दिवस बिनपगारी निलंबित केलं. पुढे पगार भरून दिला, तरी २००६ साली सुप्रीम कोर्टानं त्यांच्या बाजूनं निकाल दिला. तक्रार करायला माणूस कचरेल असं काहीही सुडात मोडतं.

काढताना कंपनी काही आठवड्यांचा पगार पुढे करून दावा न करण्याच्या कागदावर सही मागते. टेबलावर सही करू नका. वय ४० किंवा त्याहून जास्त असेल तर वयाच्या दाव्यावर पाणी सोडायला किमान २१ दिवस विचाराला आणि ७ दिवस सही मागे घ्यायला द्यावेच लागतात. एच-वन-बीवाल्यांना मात्र दुसरं घड्याळ टोचत असतं: नोकरी संपल्यापासून जास्तीत जास्त ६० दिवस. दावा चालू आहे म्हणून व्हिसा वाढत नाही. आधी नवी नोकरी बघा. भारतात परत जावं लागलं तरी दावा मरत नाही, जबानीसाठी मात्र यावं लागू शकतं.

ईईओसीत काय होतं

तक्रारीच्या फॉर्मवर चौकटी असतात: वंश, रंग, लिंग, सूड वगैरे. जी खूण केली नाही आणि जे लिहिलं नाही, ते पुढे कोर्टात आणताना कंपनीचा वकील हरकत घेणारच. दहा दिवसांत कंपनीला नोटीस जाते, मध्यस्थीचा प्रस्ताव येतो, नाहीतर कंपनी आपली बाजू लेखी मांडते. ते उत्तर जरूर मागून घ्या. त्यात दिलेलं कारण आणि काढल्याच्या पत्रातलं कारण जुळलं नाही, तर तुमच्या हाती सोनं लागलं.

आयोग स्वतः फार थोडे खटले लढवतो. बहुतेकांना शेवटी ‘दावा करण्याचा हक्क’ असं पत्र मिळतं, आणि १८० दिवस उलटल्यावर ते मागूनही घेता येतं. “भेदभाव आढळला नाही” असं आलं तरी घाबरू नका, दार बंद होत नाही. त्या पत्रापासून ९० दिवसांत कोर्टात दावा दाखल झाला पाहिजे. पत्र पोर्टलवर पडतं, मेल स्पॅममध्ये जातो. मोजताना सगळ्यांत आधीची तारीख धरा.

त्याआधी नोकरीत घुसताना काय काय सह्या केल्या ते तपासा. पहिल्या दिवशीच्या ऑनलाइन कागदांत लवादाचं कलम असेल, तर वंशभेदाचा दावा बहुधा कोर्टाऐवजी लवादाकडे जाईल. लैंगिक छळाच्या दाव्यात मात्र मार्च २०२२ च्या कायद्यानं तो निर्णय तुमच्या हाती दिला आहे.

कोर्टातल्या तीन पायऱ्या

“बाईला बढती द्यायची नाही” असं मेलमध्ये लिहिणारा बॉस क्वचितच सापडतो. मग ‘मुळे’ दाखवायचं कसं? याचं उत्तर सेंट लुईसच्या एका मेकॅनिकच्या नावावर आहे. पर्सी ग्रीन विमान कारखान्यात कामाला होते, १९६४ मध्ये कपात झाली. कंपनी वर्णभेद करते म्हणून त्यांनी कारखान्याच्या रस्त्यांवर गाड्या उभ्या करण्याच्या आंदोलनात भाग घेतला. पुढच्या वर्षी कंपनीनं मेकॅनिक हवेत अशी जाहिरात दिली, ग्रीन यांनी अर्ज केला, नकार आला. १९७३ साली सुप्रीम कोर्टानं या मॅकडॉनेल डग्लस खटल्यात जी चौकट घालून दिली, ती आजही वापरात आहे.

पहिल्या पायरीवर ओझं तुमच्यावर, पण हलकं: तुम्ही संरक्षित गटातले, कामाला लायक, तरी नाकारलं किंवा काढलं, आणि जागा तशीच राहिली किंवा दुसऱ्याला मिळाली. दुसऱ्या पायरीवर कंपनीनं एखादं कायदेशीर कारण नुसतं सांगायचं. तिसऱ्या पायरीवर तुम्ही दाखवायचं की ते कारण बहाणा आहे. ग्रीन स्वतः, परत खालच्या कोर्टात गेल्यावर, हरले. ज्यांच्या नावानं सगळा देश भेदभाव मोजतो, त्यांना स्वतःचा ‘मुळे’ सिद्ध करता आला नाही.

बहाणा उघडा पाडायला काय लागतं? तशीच चूक करणारा, त्याच बॉसच्या हाताखालचा, पण वेगळ्या वंशाचा सहकारी, ज्याला नुसती समज दिली. पाच वर्षं उत्तम शेरे आणि तक्रारीनंतर तीन आठवड्यांत पीआयपी. बदलत जाणारी कारणं: आधी ‘पुनर्रचना’, मग ‘कामगिरी’, मग ‘वागणूक’. पण नुसतं खोटं पकडलं म्हणजे जिंकलात असं नाही. मेल्विन हिक्स, पुन्हा सेंट लुईसचेच, यांच्या खटल्यात न्यायाधीशांना कंपनीची कारणं खोटी वाटली, तरी हा वैयक्तिक आकस असू शकतो म्हणून ते हरले, आणि १९९३ मध्ये सुप्रीम कोर्टानं ते मान्य केलं. पोलीस सार्जंट जटोन्या मल्ड्रो याही तिथल्याच. पद-पगार तोच ठेवून बदली झाली तरी थोडंसं नुकसान दाखवणं पुरे, हा २०२४ चा निकाल त्यांचा. सेंट लुईसच्या पाण्यात काय आहे कोण जाणे!

कधी कधी बॉस खरंच तोंडानं सांगून टाकतो. ॲन हॉपकिन्स यांच्या लेखापरीक्षण-सल्लागार कंपनीत भागीदारीसाठी १९८२ मध्ये ८८ जणांची नावं आली, त्यात बाई या एकट्या. त्यांना सल्ला मिळाला: बायकांसारखं चाला, बोला, मेकअप करा, दागिने घाला. १९८९ च्या निकालानं ठरलं की बाईनं बाईसारखंच वागावं ही अपेक्षाही लिंगभेदच आहे. नंतर कोर्टाच्या हुकुमानं त्यांना भागीदारी मिळाली. १९९१ च्या दुरुस्तीनंतर लिंग किंवा वंश हे अनेक कारणांपैकी एक असलं तरी टायटल सेव्हनचा भंग होतो. सुडाच्या आणि १८६६ च्या कायद्याच्या दाव्यात मात्र ‘ते नसतं तर हे झालंच नसतं’ इथपर्यंत जावं लागतं.

हेतू नसलेला भेदभावही असतो. नॉर्थ कॅरोलायनातल्या एका वीजकेंद्रात काळ्या कामगारांना फक्त मजूर विभागात ठेवत. टायटल सेव्हन लागू झाला त्याच दिवशी, २ जुलै १९६५ ला, कंपनीनं इतर विभागांसाठी बुद्धिमापन चाचण्यांची अट आणली. १९७१ च्या ग्रिग्ज निकालात कोर्ट एकमतानं म्हणालं, कामाशी संबंध नसलेली आणि एका गटाला गाळणारी अट चालणार नाही. एप्रिल २०२५ च्या अध्यक्षीय आदेशानं केंद्र सरकार अशा दाव्यांतून हात काढून घेत आहे, पण कायद्यातलं कलम तिथेच आहे आणि खासगी दावा करता येतो.

जबानीची खोली

दावा दाखल झाला की कंपनी तो सुरुवातीलाच फेटाळायला सांगते. तिथून वाचलात की पुराव्यांची देवघेव सुरू होते, आणि तिचा कणा म्हणजे जबानी. शपथेवर, लघुलेखकासमोर, सात तासांपर्यंत. न्यायाधीश खोलीत नसतात.

आपली सवय रामायण पहिल्यापासून सांगायची. इथे ती मोडा. विचारलं तेवढंच. “हो.” “नाही.” “आठवत नाही,” तेही खरंच आठवत नसेल तर. एका जबानीत मी कोपऱ्यात बसले होते. बाईंनी मानसिक त्रासाची भरपाई मागितली होती. समोरच्या वकिलानं पानभर मोठा फोटो टेबलावर सरकवला: मंडळाचा गणपती, नऊवारी, नथ, हातात आरतीचं तबक, तोंडभर हसू. “या काळात तुम्हाला झोप लागत नव्हती, बरोबर?” बाई गप्प झाल्या. मग म्हणाल्या, “त्या रात्रीही नाही लागली.” उत्तर चांगलं होतं, पण दावा चालू असताना फेसबुकवर काही टाकू नका हे आम्ही आधी सांगायला हवं होतं. टाकलेलं पुसूही नका, पुरावा नष्ट केल्याचा ठपका येतो.

छळाच्या दाव्यात या खोलीत एक प्रश्न हमखास येतो: कंपनीचं धोरण होतं, तक्रारीचा नंबर होता, मग तुम्ही तक्रार का नाही केली? काढणं, पदावनती असं काही झालेलं नसेल, तर १९९८ च्या निकालांनी कंपनीला हा बचाव दिला आहे. म्हणून त्या लेखी मेलवर मी इतका जोर देते.

यानंतर कंपनी ‘समरी जजमेंट’ मागते: ज्युरीनं ठरवावं असं काही उरलंच नाही, आत्ताच निकाल द्या. असंख्य दावे इथे संपतात. वाचलेल्यांतले बहुतेक तडजोडीनं मिटतात, ज्युरीपर्यंत मोजकेच जातात.

पैशांचा अंदाज आधीच घ्या. मानसिक त्रास आणि दंडात्मक भरपाई मिळून टायटल सेव्हनची मर्यादा कर्मचाऱ्यांच्या संख्येवर आहे: १०० पर्यंत ५० हजार डॉलर, २०० पर्यंत १ लाख, ५०० पर्यंत २ लाख, त्यावर ३ लाख. हे आकडे १९९१ पासून तसेच आहेत, महागाई कुठल्या कुठे गेली तरी. बुडालेला पगार या मर्यादेबाहेर, पण तुम्ही दुसरी नोकरी शोधत होता हे दाखवावं लागतं, म्हणून पाठवलेला प्रत्येक अर्ज जपा. वकील बहुधा मिळालेल्या रकमेचा तिसरा हिस्सा किंवा जास्त घेतात. जिंकलात तर कंपनीकडून वकिलाचा खर्च मिळू शकतो. हरलात तर तिचा खर्च सहसा तुमच्यावर पडत नाही, दावा अगदीच निराधार असल्याशिवाय.

आपल्यातले जे मॅनेजर आहेत त्यांच्यासाठी थोडं. हा कायदा बहुसंख्याकांनाही तेवढाच लागू आहे. त्यांनी जास्त पुरावा द्यावा ही काही कोर्टांची अट सुप्रीम कोर्टानं जून २०२५ मध्ये एम्स खटल्यात एकमतानं काढून टाकली. टीमच्या कॉलवर निम्म्या लोकांना न कळणारी भाषा बोलणं, जागा भरताना फक्त आपल्या गावाकडचे बायोडेटा पुढे सरकवणं, हे उद्या कुणाच्या तरी वहीत तारखेसकट असेल.

२९९ व्या दिवशीच्या त्या गृहस्थांचं प्रकरण शेवटी तडजोडीत मिटलं. करार अकरा पानांचा. गुप्ततेच्या कलमाची फार काळजी नव्हती, कारण न्यू जर्सीत २०१९ पासून भेदभावाच्या दाव्याचे तपशील दडवायला लावणारं कलम कर्मचाऱ्यावर लादता येत नाही. किती रक्कम पगार म्हणून आणि किती भरपाई म्हणून, हे करासाठी वेगळं लिहून घेतलं. खूण केली ती नवव्या पानावर: या कंपनीत ‘व तिच्या सर्व संलग्न कंपन्यांत’ पुन्हा अर्ज करणार नाही. ते पाच शब्द आम्ही खोडून घेतले. गुरुवारी त्यांची मुलाखत होती ती त्यातल्याच एका कंपनीत.